पुतण्या पहिलीत गेला, लेक राहिली

वाचकाचं पत्र (जून २०२५)

ताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली. मिस्टर सुरतला कापड मार्केटात कामाला असतात, मी दोन मुली घेऊन सासरी राहते. मोठी यंदा चौथीत गेली. धाकटी २२ जानेवारी २०२० ची. अडीच वर्षांची होती तेव्हाच तिला इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत टाकलं, यंदा सिनियर केजी झालं. निकालाच्या दिवशी शाळा म्हणाली, पहिलीला वय बसत नाही, सिनियर केजी पुन्हा करा, फी १८ हजार. जेठांचा मुलगा २७ डिसेंबर २०१९ चा. दोघं एकाच वर्गात होते. तो पहिलीत गेला, ही राहिली. सव्वीस दिवसांसाठी! सासूबाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, ‘पोरनं वरीस वाया गयं.’ ऑनलाइन सेंटरवाला म्हणतो, दाखल्यावरची तारीख महिनाभर मागे घेऊन देतो. मी पारोळ्याला शिवणाच्या दुकानात जायला लागले आहे. ती पहिलीत गेली की पाच वाजेपर्यंत मी मोकळी, असा हिशेब होता. आता दुपारपासून मोठीला घरी ठेवावं का, असं मनात येतं. मिस्टर म्हणतात, सगळ्या सुरतला या, इथं घालू पहिलीत. काय करू?

उत्तर

ताई, आधी त्या सेंटरवाल्याचं बोलू. बाकीचं सगळं निस्तरता येतं, ते येत नाही.

तुमच्या लेकीची जन्मतारीख एकाच कागदावर थोडीच आहे? दवाखान्याच्या रजिस्टरला आहे, माता-बाल संरक्षण कार्डावर आहे, लसीकरणाच्या नोंदीत आहे, जिथं जन्मनोंद झाली तिथल्या वहीत आहे, आधार काढलं असेल तर तिथंही. सेंटरवाला यातला एक कागद रंगवून देईल. उरलेले चार कागद खरं बोलत राहतील. आज नाही तर दहावीच्या फॉर्मला, पासपोर्टला, नोकरीच्या पडताळणीला कोणीतरी दोन कागद शेजारी ठेवील, आणि उत्तर देताना समोर तुमची लेक असेल, सेंटरवाला नसेल. शिवाय हा सरळसरळ गुन्हा आहे. त्याच्याकडं पुन्हा झेरॉक्सलासुद्धा जाऊ नका.

आपल्याकडं तारखांची ही सवय जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर पहिलीत, आणि जन्मतारीख विचारली की ‘कापूस निघत होता तेव्हाचा’ असं उत्तर, की गुरुजी लिहून मोकळे, १ जून. त्या पिढीतले किती जण त्या तारखेचे! दरवर्षी ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते ती त्याचमुळं. पण तेव्हा ताडून बघायला दुसरा कागदच नव्हता. आता पहिलीत नाव घातलं की ते जन्मतारखेसकट सरकारी पोर्टलवर चढतं. नर्सरीत तुम्हाला कोणी अडवलं नाही आणि पहिलीत अडवलं, त्याचं कारणही बहुतेक हेच.

आता नियम. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षापासून. त्याआधी आपल्याकडं पाच पूर्ण झालेली मुलं सर्रास पहिलीत बसायची. राज्यानं वय टप्प्याटप्प्यानं वर नेलं. मोजायची तारीख कोणती, यावर मध्ये बरीच ओढाताण झाली. काही वर्षं ती ३० सप्टेंबर होती. सप्टेंबर २०२० च्या निर्णयानं ती ३१ डिसेंबर झाली. म्हणजे २०२५-२६ ला पहिलीत जायचं तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सहा पूर्ण हवीत, नर्सरीत जायचं तर तीन. तुमची लेक सहाची होणार २२ जानेवारी २०२६ ला. बावीस दिवसांनी राहिली.

पण पुतण्याकडंही बघा. तारीख ३० सप्टेंबरवरून पुढं गेली नसती तर तोही यंदा घरीच असता. भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या केंद्रीय विद्यालयात गेला असता तरी राहिला असता, कारण केंद्रीय विद्यालयांत २०२२-२३ पासून पहिलीला ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. काही पालक त्याविरुद्ध कोर्टात गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. तेव्हा तुमच्या घरात जे चाललंय, की पुतण्या वेळेवर आणि लेक उशिरा, ते मला पटत नाही. पुतण्या महाराष्ट्राच्या सैल नियमात शेवटच्या आठवड्यात आत शिरला. तुमची लेक कुठल्याही नियमानं वेळेवरच आहे. २०२६ च्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल तेव्हा इथलं सरकार, केंद्राची शाळा, गुजरात, कोणाचीच तिला हरकत नसेल.

मग वर्ष गेलं कुठं? ते २०२२ मध्ये गेलं. नर्सरीला घातलं तेव्हा तिलाही ३१ डिसेंबरला तीन पूर्ण लागत होती, आणि ती बावीस दिवसांनी कमी होती. नियम शाळेला माहीत असणार, दोन वर्षं जुना होता. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर एका वर्षाची फी गेली असती. खासगी नर्सऱ्यांकडं सरकारनं बराच काळ लक्षच दिलं नाही. पालकांची घाई आणि संचालकांची सोय एकमेकींना पूरक, मग काय! तुम्हाला दोष देत नाही. लॉकडाऊनमध्ये जन्माचं पहिलं वर्ष काढलेलं पोर, बाप परगावी, शेजारची सगळी मुलं पिवळ्या बसमध्ये बसून जातायत. कोणीही घातलं असतं.

वर्गात मोठं असण्याचं काय, हेही सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली आहे. जूनमध्ये साडेपाचचं आणि साडेसहाचं पोर शेजारी बसवलं की फरक पाटीवर दिसतो. बोटांत पेन्सिल धरायची ताकद, चाळीस मिनिटं एका जागी बसणं, डब्याचं झाकण, लघवीला जायचं सांगणं, सगळ्यात. त्यात आपल्याकडं घरी अहिराणी. ‘माले शायामा जानं शे’ (मला शाळेत जायचंय) म्हणणारं पोर वर्गात पुस्तकी मराठी ऐकतं तेव्हा दोन महिने गप्पच बसतं, आणि इंग्रजी असेल तर त्याहून जास्त. ते गप्प बसणं लहान वयाच्या मुलाला अधिक जड जातं. यावर परदेशांत पुष्कळ अभ्यास झाले आहेत. वर्गातली सगळ्यांत लहान मुलं सुरुवातीच्या इयत्तांमध्ये मागं दिसतात, त्यांच्यावर अतिचंचलतेचा शिक्काही जास्त बसतो, आणि पुढं हा फरक कमी कमी होत जातो. लेक पुढच्या वर्षी वर्गातल्या मोठ्यांपैकी असेल. पहिलीत हे बरंच असतं. (हे जाऊबाईंना ऐकवायला सांगत नाहीये. पुतण्याला सांभाळून घेणाऱ्या बाई मिळाल्या तर त्याचंही छान होईल. दोन्ही मुलं एकाच अंगणात वाढतायत, त्यांची स्पर्धा मोठ्यांनी लावू नये.)

आता १८ हजार. त्याच वर्गात, तीच पुस्तकं, तीच गाणी. मला विचाराल तर देऊ नका. द्यायचेच असले तर शाळेशी बोलून द्या. मुख्याध्यापकांना भेटा आणि शांतपणे विचारा: २०२२ ला वय बसत नसताना प्रवेश कसा दिला? मग दोन गोष्टी मागा. फीमध्ये सवलत, आणि पुढच्या जूनला पहिलीची जागा पक्की असल्याचं लेखी पत्र, नव्यानं प्रवेश फी न घेता. त्यांनी टाळाटाळ केली तर काही बिघडत नाही, कारण कुठल्याही शाळेत पहिलीला नाव घालायला केजी केल्याचा कागद लागत नाही. जन्मदाखला पुरतो. हे पालकांना कोणी सांगत नाही आणि त्या भीतीवर फी भरली जाते.

गावातली अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे. तुमच्या मनात लगेच ‘खिचडी’ आलं असेल. येतं, कारण आपण अंगणवाडीकडं तसंच बघत आलो. पण शाळापूर्व शिक्षण हे तिचं काम आहे, त्यासाठी राज्यानं ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रमही केला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली होती. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बाल विकास योजना देशात सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, ऑक्टोबर २०२५ ला तिची पन्नास वर्षं. गावोगावी कमीजास्त आहे, खोटं कशाला बोलू. काही ठिकाणी सेविकाताई जीव ओतून शिकवतात, काही ठिकाणी रजिस्टरं भरण्यातच त्यांचा दिवस जातो. तुम्ही एक सकाळ जाऊन बसा आणि बघा. मुलं बोलतायत का, हातात काही आहे का, ताई अहिराणीत उत्तर देतात का. चांगली वाटली तर लेकीला घाला. जानेवारीत ती सहाची होईल, तेव्हा जूनपर्यंतचं सेविकाताईंशी आताच बोलून ठेवा. केजीत तिला ए टू झेड आलं असेल. राहू द्या. या वर्षी तिला मातीत, पाण्यात, कात्रीकागदात हात घालू द्या. गोष्ट ऐकून परत सांगता येऊ द्या, अहिराणीत सांगितली तरी चालेल.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘नाव न घालता नुसती बसवा’ असंही कोणी सुचवेल. आठवड्यातून एखादा दिवस थोरल्या बहिणीचं बोट धरून गेली तर जाऊ द्या. रोज नको. पुढच्या वर्षी तेच धडे पुन्हा ऐकून ती कंटाळेल, आणि यंदा हजेरीत नाव नाही म्हणून तिची जबाबदारीही कोणावर नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त टोचलेलं वाक्य. मोठीला दुपारपासून घरी ठेवावं का?

नाही. एकही दुपार नाही.

तुम्ही हे सहज लिहिलंत, पण आपल्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत मी हेच पाहत आले. दिवाळीनंतर शाळा उघडायची आणि तिसरी-चौथीच्या वर्गात मुलींच्या रांगेत भगदाडं दिसायची. विचारलं की उत्तर एकच, ‘धाकल्याले सांभायाले’. तीन महिन्यांनी ती पोर परत यायची तेव्हा भागाकार पुढं गेलेला असायचा. पुढं कुठली सातवीत गळायची, कुठली नववीत, आणि सुरुवात कधी झाली हे कोणाच्या लक्षातही राहायचं नाही. धाकटीचं वय बसत नाही हा नियम सरकारचा. त्याची किंमत नऊ वर्षांच्या मोठीनं कशी द्यायची? तिचा शाळेचा हक्क कायद्यानं पक्का आहे. धाकटीचा जानेवारीत सुरू होईल.

इथं सरकारवरही माझा राग आहे, तो लिहूनच टाकते. राज्यघटनेत कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतं. सहाच्या आतल्यांसाठी कलम ४५ आहे, पण त्यात राज्य ‘प्रयत्न करील’ एवढंच. वयाची रेघ मुलांच्या भल्याची आहे, मला ती मान्य आहे. पण रेघ ओढताना तिच्या अलीकडची वर्षं कोण सांभाळणार, हे कोणी विचारलं नाही. ती आपोआप आईच्या अंगावर आली, आणि आई कामाला गेली की थोरल्या बहिणीच्या. शाळा म्हणजे तुमच्यासाठी शिक्षणाइतकीच दुपारची सोय होती, आणि हे म्हणायला तुम्ही लाजू नका.

तेव्हा प्रश्न अंगणवाडी सुटल्यापासून तुम्ही पारोळ्याहून परत येईपर्यंतच्या काही तासांचा आहे. शिवणकाम सोडू नका. दुकानमालकाशी बोला, फॉल-पिको, हातशिलाई, हुक-काज अशी कामं घरी आणता येतात. आठवड्यातले तीन दिवस दुकानात आणि बाकीचे घरी असं जमतं का बघा. जाऊबाईंचा मुलगा आता संध्याकाळपर्यंत शाळेत, म्हणजे त्यांची दुपार मोकळी झाली आहे. हक्कानं मागा. बदल्यात त्यांचे ब्लाऊज वर्षभर तुम्ही शिवा, म्हणजे ओझं राहणार नाही. आणि सासूबाई आहेतच. पोरीच्या वर्षाची इतकी काळजी करणाऱ्या बाईंना त्या वर्षातले दुपारचे तीन तास द्यायला लावा! अहिराणी गोष्टी, ओव्या, कोडी त्यांच्याइतकी कुठल्या केजीत शिकवतात? दारात येणाऱ्यांना सांगायलाही त्यांना काही नवं मिळेल. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. तुमच्या भागात तसं कुठं आहे का, ते तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. नसेल तर चार आयांनी मिळून अर्ज द्या.

इंग्लिश मीडियमच हवं असेल तर थांबण्याचा एक फायदाही आहे. शिक्षणहक्क कायद्याखालच्या, खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागा. पुढच्या वर्षी लेकीला तिथं अर्ज करता येईल. खालची वयोमर्यादा तर ती ओलांडेलच. वरची मर्यादा यंदाच्या प्रक्रियेत ३१ डिसेंबरला ७ वर्षे ५ महिने ३० दिवस होती, आणि पुढच्या डिसेंबरात लेक सातचीसुद्धा नसेल. तुम्ही अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांपैकी असाल तर उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. नसाल तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आतलं असल्याचा दाखला. आठवीपर्यंत फी नाही. मात्र ज्या शाळेत या जागा पहिलीपासून भरतात तीच शाळा यादीत निवडा, काही ठिकाणी त्या नर्सरीलाच भरतात. सोडत असते, नंबर लागेलच असं नाही. तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा मनात पक्की धरूनच अर्ज करा. यंदा अर्ज १४ जानेवारीलाच सुरू झाले होते आणि बऱ्याच आया जूनमध्ये चौकशीला आल्या. तुम्ही दिवाळी झाली की रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत घालून ठेवा. जन्मदाखल्यावर लेकीचं नाव चढलंय ना, तेही बघा. पुष्कळांच्या दाखल्यावर नुसतं ‘मुलगी’ असतं.

राहिलं सुरत. नवरा-बायकोनं एकत्र राहायचं म्हणून जाणार असाल तर जरूर जा, तो तुमच्या संसाराचा निर्णय आहे. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, खान्देशातली किती मुलं तिथं शिकली. पण यंदाच पहिलीत घालता येईल म्हणून जाणार असाल तर थांबा. गुजरातनं २०२३-२४ पासून पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम केला आहे. तिथं तुमच्या लेकीला यंदा घेणार नाहीत, आणि जेठांचा मुलगा सोबत नेलात तर त्यालाही नाही. मिस्टरांना फोनवर ही तारीख सांगा, आणि खोली बघायची घाई करू नका म्हणावं.